आडनाव सोडा, लग्न धरा : फ्रेंच कॅनडातले पूर्वज कसे शोधतात

समजा, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एखाद्या गिरणीच्या गावात ग्रीनवुड आडनावाचं कुटुंब राहतंय. घरातल्या कुणाला आपलं मूळ शोधायची हौस येते. ग्रीनवुड म्हणजे मूळचे इंग्रजच असणार, असं धरून तो इंग्लंडमधली दप्तरं चाळत बसतो आणि पणजोबांच्या पलीकडे त्याला काही म्हणजे काही सापडत नाही. सापडणार तरी कसं? पणजोबा कॅनडातल्या फ्रेंच भाषिक क्वेबेकहून कामाच्या शोधात आलेले. त्यांचं आडनाव ब्वाव्हेर, म्हणजे हिरवं रान. इंग्रजीत त्याचं सरळ ग्रीनवुड झालं. बरं, ब्वाव्हेर कळलं म्हणून प्रश्न सुटत नाही. आणखी काही पिढ्या मागे गेलं की कागदोपत्री ब्वाव्हेरही दिसेनासं होतं आणि तिथे द नव्हेर असं तिसरंच आडनाव उभं राहतं. रक्त तेच, घराणं तेच, आडनावं मात्र तीन.

फ्रेंच कॅनडातले पूर्वज शोधणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. आपल्याला वाटतं, आडनाव हा वंशाचा धागा. तिथे तो धागा सगळ्यात कच्चा. पक्का धागा आहे लग्नाच्या नोंदीचा. तो धरून एका जोडप्यावरून त्याच्या आईबापांच्या जोडप्याकडे जात राहिलं, तर आज मॉन्ट्रियलमध्ये राहणारा साधा माणूस सोळाशे साठच्या आसपास बोटीतून उतरलेल्या आपल्या पूर्वजापर्यंत पोचू शकतो. तो पूर्वज शेतकरी असो नाहीतर सुतार, त्याच्या बायकोचं माहेरचं नावही मिळतं. जगात फार थोड्या ठिकाणी सामान्य घरांना हे भाग्य लाभलेलं आहे, म्हणून हे सगळं कसं चालतं ते नीट समजून घ्यावंसं वाटतं.

मूठभर माणसं

साम्युएल द शाम्प्लँ यांनी १६०८ मध्ये क्वेबेक शहर वसवलं. सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने पुढे १६३४ मध्ये त्र्वा-रिव्हिएर आणि १६४२ मध्ये मॉन्ट्रियल उभं राहिलं. या सगळ्या मुलखाला नवा फ्रान्स म्हणत. पण फ्रान्समधून माणसं यायला तयार नसत. हिवाळा जीवघेणा, इरोक्वा या मूळनिवासी लोकांशी लढाया चालू, आणि व्यापार मुख्यतः बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांचा, त्याला शेतकरी कुटुंबं लागतच नव्हती. १६१७ मध्ये लुई एबेर हा पॅरिसचा औषधविक्या बायको मारी रोले आणि तीन मुलांना घेऊन आला. शेती करून राहिलेलं हे पहिलं फ्रेंच कुटुंब. त्यांची मुलगी गियमेत हिचं १६२१ मध्ये गियोम कुयारशी लग्न झालं आणि आज ज्यांच्या झाडाला फ्रेंच कॅनडाची फांदी आहे अशा असंख्य लोकांच्या झाडात हे जोडपं सापडतं.

१६६३ मध्ये राजा चौदाव्या लुईने ही वसाहत व्यापारी कंपनीकडून स्वतःच्या ताब्यात घेतली, तेव्हा तिथे जेमतेम तीन हजार फ्रेंच माणसं होती. त्यात पुरुष फार आणि लग्नाच्या मुली नाहीत. मग राजाच्या खर्चाने मुली पाठवल्या गेल्या. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत सुमारे ७७० जणी आल्या. कित्येक जणी पोरक्या होत्या, अनेकींना पॅरिसच्या अनाथालयवजा मोठ्या इस्पितळातून आणलेलं. त्यांना ‘राजाच्या लेकी’ म्हणतात. याच सुमारास, १६६५ मध्ये, कारिन्याँ-सालिएर या पलटणीचे हजारावर सैनिक आले आणि मोहीम संपल्यावर त्यातले चारशेच्या आसपास तिथेच राहिले. राजाच्या लेकी आणि पलटणीतले शिपाई, अशा जोडप्यांपासून निघालेली घराणी मोजता येणार नाहीत इतकी आहेत.

१६६६ मध्ये वसाहतीचा कारभारी जाँ तालों याने घरोघरची शिरगणती करवली. नाव, वय, धंदा, कुटुंबप्रमुखाशी नातं, असं सगळं लिहून एकूण ३,२१५ माणसं भरली. ती यादी आजही आहे. १७६३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला तोवर लोकसंख्या ६५-७० हजारांच्या घरात पोचली होती, आणि ही वाढ जवळजवळ सगळी घरच्या घरी, मुलाबाळांनी झालेली. फ्रान्समधून येऊन कायमचे राहिलेले लोक दीडशे वर्षांत मिळून साधारण दहा हजार. उगमाशी माणसं इतकी थोडी आणि पुढे नोंदी इतक्या भरपूर, म्हणूनच हे कोडं सुटतं.

चर्चची वही, दोन प्रतींत

नोंदी कुणी ठेवल्या? पाद्र्यांनी. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ठरवून दिलं की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, लग्नांची वही असलीच पाहिजे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना आपले पूर्वज चर्चच्या वह्यांत सापडतात ते याच शिस्तीमुळे. फ्रान्सच्या राजांनी या धार्मिक नियमाला सरकारी कायद्याचं बळ दिलं आणि १६६७ च्या हुकुमाने तर वही दोन प्रतींत लिहायला लावली. एक प्रत चर्चमध्ये राहायची, दुसरी न्यायालयात जमा व्हायची.

दुसऱ्या प्रतीचं मोल आग लागल्यावर कळतं. १६४० च्या जूनमध्ये क्वेबेकचं चर्च जळालं आणि त्याबरोबर तोवरची वही गेली. तेव्हा दुसरी प्रत नव्हती. गावातल्या लोकांना विचारून, त्यांच्या आठवणीतून जुन्या नोंदी पुन्हा लिहून काढल्या. आज १६४० च्या आधीची जी नोंद दिसते ती अशी आठवणीतली आहे, हे लक्षात ठेवलं म्हणजे तिथली एखादी तारीख जुळली नाही तरी गोंधळ होत नाही. पुढच्या काळात मात्र एक प्रत गेली तरी दुसरी बहुतेक ठिकाणी वाचली.

इंग्रजांचं राज्य आल्यावरही ही पद्धत मोडली नाही. क्वेबेकमध्ये चर्चची वही हीच जन्म-विवाह-मृत्यूची अधिकृत नोंद मानली जायची, ती थेट १९९३ अखेरपर्यंत. त्यामुळे साडेतीनशे वर्षांची साखळी एकाच प्रकारच्या कागदावर मिळते.

लग्नाची एक नोंद जवळून

नमुना जवळपास ठरलेला. आधी साल आणि तारीख, आकड्यांत नव्हे तर अक्षरी. मग, सलग तीन रविवारी चर्चमध्ये लग्नाची घोषणा केली, कुणाची हरकत आली नाही, असं वाक्य. त्यानंतर मुख्य मजकूर : अमुक, तमुक बापाचा आणि तमुक आईचा मुलगा, या या पॅरिशचा, एका बाजूला. अमुकी, तमुक बापाची आणि तमुक आईची मुलगी, या या पॅरिशची, दुसऱ्या बाजूला. आईबाप हयात नसतील तर ‘कैलासवासी’ अशा अर्थाचा शब्द. दुसरेपणाचं लग्न असेल तर बऱ्याचदा आईबापांची नावं गळतात आणि ‘अमक्याची विधवा’ एवढंच येतं, तेव्हा आधीचं लग्न शोधावं लागतं. शेवटी साक्षीदार, त्यांची वधूवरांशी नाती, आणि ‘सही करता येत नाही असं यांनी सांगितलं’ हे वाक्य.

या एका परिच्छेदात सहा माणसं येतात : नवरा, नवरी आणि दोघांचे आईबाप. आईबापांची नावं मिळाली की त्या दोघांचं लग्न शोधायचं. तिथे आणखी चार नावं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबाप आणि धर्ममातापिता असतात, दफनाच्या नोंदीत वय असतं पण ते अंदाजे. म्हणून शोधाचा मुख्य रस्ता लग्नाचा, बाकीच्या दोन नोंदी खात्री करायला.

आणि बाईचं नाव! नव्या फ्रान्समध्ये लग्नानंतरही बाईचं कागदावरचं नाव माहेरचंच राहायचं. दहा मुलांच्या बाप्तिस्म्यात, दोन वेळा विधवा झाल्यावर, मरणाच्या नोंदीतही ती आपल्या बापाच्याच आडनावाने येते. जिथे लग्न झाल्याबरोबर कागदावरून बाईचं माहेर पुसलं जातं, तिथे आईकडचा वंश शोधणं किती अवघड होतं हे आपल्याला सांगायला नको. इथे आईची आई, तिची आई, असं नऊ-दहा पिढ्या सरळ जाता येतं. डोळ्याची नस सुकवणारा लेबरचा आजार फक्त आईकडून मुलांकडे जातो. क्वेबेकमधल्या रुग्णांच्या आई-आजी-पणजी असा माग काढत संशोधक १६६९ मध्ये क्वेबेकात लग्न झालेल्या एका राजाच्या लेकीपर्यंत पोचले. पुरुषांची आडनावं तेवढी जपणाऱ्या दप्तरातून हे कधीच निघालं नसतं.

‘दी’ची भानगड

आता आडनावांकडे येऊ, कारण नवखा माणूस अडकतो तो इथेच.

जुन्या नोंदींत नावं अशी दिसतात : आंत्वान र्वा दी देजार्दँ. मधला ‘दी’ म्हणजे आपल्याकडच्या दस्तऐवजांतला ऊर्फ. मूळ आडनाव र्वा, लोक म्हणायचे देजार्दँ. हे दुसरं नाव कुठून यायचं याला काही एक नियम नव्हता. शिपायांना पलटणीत भरती होताना टोपणनाव मिळायचं, कारण एका तुकडीत चार जाँ आणि पाच पिएर असत. त्यातून लाफ्लर म्हणजे फूल, लातुलिप म्हणजे ट्यूलिप, सांसुसी म्हणजे निश्चिंत, व्हादबोंकर म्हणजे मनापासून चालणारा, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा, अशी झोकदार नावं निघाली. काहींना मुलखावरून नाव पडलं : आंजूचा तो लांजव्हँ, पिकार्दीचा तो पिकार. सँतोंज प्रांतातून आलेल्यांचं पुढे सेंट-ओंज झालं आणि कुणीतरी संत असावा असं वाटायला लागलं. असा कुणी संतच नाही. काहींना जमिनीवरून, काहींना आईच्या किंवा आजोबांच्या नावावरून.

गुंता पुढच्या पिढ्यांत वाढतो. बापाच्या मागे एक मुलगा र्वा लिहितो, दुसरा देजार्दँ, तिसरा दोन्ही. एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका नावाने, लग्न दुसऱ्या नावाने आणि दफन तिसऱ्याने झालेलं दिसतं. शिवाय एकच दी-नाव डझनावारी असंबंधित घराण्यांनी घेतलेलं असतं. दोन लाफ्लर भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदपत्रं काटेकोर झाली, तशी माणसांनी दोनातलं एक नाव ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं. कुणी कुठलं ठेवावं हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

आंत्वान र्वा हा कारिन्याँ पलटणीबरोबर आलेला पिंपं बनवणारा कारागीर. १६६८ मध्ये त्याने मारी माजोर या राजाच्या लेकीशी लग्न केलं. त्यांच्या वंशजांत आज र्वाही आहेत आणि देजार्दँही. क्वेबेकच्या लेव्ही गावात १९०० मध्ये सहकारी पतसंस्था काढणारे आल्फोन्स देजार्दँ यांच्या नावाची पतसंस्था आज कॅनडात घराघरात माहीत आहे. त्यांच्या वडिलांचं नाव फ्रांस्वा र्वा दी देजार्दँ आणि आईचं क्लारिस मिव्हिल दी देशेन. मिव्हिल घराण्याचा मूळपुरुष पिएर मिव्हिल, त्याला ‘स्विस’ म्हणत, कारण तो स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबोरचा. म्हणजे देजार्दँ या एका आडनावामागे आधी र्वा आहे, आणि आईच्या देशेनमागे फ्रेंचही नसलेला माणूस.

स्पेलिंगचा त्रास वेगळा सांगायला नको. बहुतेकांना लिहिता यायचं नाही, पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा, आणि फ्रेंचमध्ये न उच्चारली जाणारी अक्षरं भरपूर. शोधताना नाव मोठ्याने म्हणून बघावं आणि जे जे ऐकू येईल त्या सगळ्या तऱ्हांनी धुंडाळावं. पहिल्या नावांनीही हैराण व्हायला होतं. पुढे पुढे जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावायची रीत पडली. हाक मारायचं नाव सहसा शेवटचं असतं. मारी-जोसेफ-आंजेलिक ही घरात आंजेलिकच.

सीमा ओलांडल्यावर

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेत गेले, बरेचसे न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या, कापडगिरण्यांत. तिथे आडनावांचं दोन प्रकारे रूपांतर झालं. काहींचा अर्थ इंग्रजीत आणला गेला : र्वाचे किंग झाले, ल्ब्लाँचे व्हाइट, लेव्हेकचे बिशप, बुलांजेचे बेकर. कुर्तमांश या आडनावाचा अर्थ आखूड बाही, म्हणून त्यांच्यातले काही शॉर्टस्लीव्ह्ज झाले. काहींचा नुसता उच्चार इंग्रजी कानाने टिपला : आर्शांबोचे शॅम्बो, गोतिएचे गोकी, तिबोदोचे टिबो.

सुरुवातीच्या ग्रीनवुडकडे जाऊ. त्याने इंग्लंडचा नाद सोडून आधी आपल्याच गावातलं फ्रेंच कॅथलिक चर्च गाठावं. अमेरिकेतल्या या चर्चांतले पाद्री बऱ्याचदा क्वेबेकहूनच आलेले, ते नोंद फ्रेंचमध्ये आणि जुन्या आडनावाने करत. जनगणनेत जो ग्रीनवुड आहे तो चर्चमध्ये ब्वाव्हेर म्हणून सापडण्याची शक्यता मोठी. तिथून क्वेबेकमधली पॅरिश, तिथून लग्नांची शिडी. अशी शिडी चढत गेलेली काही ब्वाव्हेर कुटुंबं एत्येन द नव्हेर याच्याशी पोचतात. त्याने १६५२ मध्ये आन आयो हिच्याशी लग्न केलं होतं, आणि ब्वाव्हेर हे नाव त्याच्या मुलांच्या पिढीपासून घराण्यात शिरलं. मात्र ब्वाव्हेर हे दी-नाव इतर घराण्यांनीही घेतलेलं आहे, जसं जुबँ दी ब्वाव्हेर. म्हणून मधली एकही पायरी गाळून ‘ब्वाव्हेर म्हणजे द नव्हेरच’ अशी उडी मारायची नाही.

आडनाव संपतं, वंश संपत नाही

क्वेबेक शहरात अब्राहमचं पठार आहे. इंग्रज आणि फ्रेंच यांची १७५९ ची निर्णायक लढाई तिथेच झाली. ज्या अब्राहमवरून हे नाव पडलं तो अब्राहम मार्तँ, दी ‘स्कॉटिश’, १६६४ मध्ये वारलेला एक दर्यावर्दी. त्याचा मुलगा शार्ल-आमादोर पाद्री झाला आणि मार्तँ हे आडनाव या घरात पुढे चाललंच नाही. क्वेबेकमध्ये आज मार्तँ आडनावाची जी कुटुंबं आहेत ती दुसऱ्याच मार्तँची. अब्राहमचा वंश मात्र मुलींकडून अफाट पसरला. जो फक्त आडनावाचा माग काढतो त्याला हा पूर्वज कधीच भेटणार नाही.

याच्या उलट त्रांब्ले. फ्रान्सच्या पर्श प्रांतातला पिएर त्रांब्ले आणि त्याची बायको ओझान आशों यांचं लग्न १६५७ मध्ये क्वेबेकला झालं, आणि क्वेबेकमधलं हे सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव या एकाच जोडप्यापासून निघालेलं आहे. सागने भागात तर त्रांब्लेंचा सुळसुळाट. १८३८ पासून शेजारच्या शार्लव्हॉ भागातली कुटुंबं तिथे जाऊन वसली, आपापसात सोयरिकी होत राहिल्या, आणि तिथे टायरोसिनेमियासारखा एरवी दुर्मिळ असलेला आनुवंशिक आजार इतका वाढला की साधारण वीस माणसांमागे एक जण त्याचा वाहक असतो. तिथल्या शिकूतिमी विद्यापीठात १९७२ पासून बाल्साक नावाने वंशावळींचा मोठा माहितीसाठा उभा राहिला आहे. तो इतिहासकारांना जितका उपयोगी पडतो तितकाच डॉक्टरांनाही.

या आपापसातल्या सोयरिकींमुळे झाड वर जाताना रुंद होत नाही, फांद्या पुन्हा एकत्र येतात. एकच जोडपं पाच-दहा वाटांनी पूर्वज निघतं. डीएनए चाचणी करणाऱ्याला त्यामुळे अनोळखी माणसं आहेत त्यापेक्षा जवळची नातलग दिसतात. चाचणीतलं ‘चौथ्या पातळीचं चुलत भावंड’ प्रत्यक्षात सहाव्या-सातव्या पातळीचं, पण चार वेगवेगळ्या वाटांनी जोडलेलं असू शकतं. चाचणी जरूर करा, पण कागद हातात असल्याशिवाय तिच्यावरून नातं ठरवू नका.

याच सोयरिकींतून शोधकाच्या हाती एक सोन्यासारखा धागा येतो. चर्चच्या नियमाप्रमाणे चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात लग्नाला खास परवानगी लागायची. ती घेतली की नोंदीत तसं लिहायचे. पायरी मोजायची ती सामाईक पूर्वजापासून : दुसरी पायरी म्हणजे सख्खी चुलत-मावस-आते-मामे भावंडं, तिसरी म्हणजे त्यांची मुलं, चौथी म्हणजे नातवंडं. नोंदीत ‘तिसऱ्या पायरीची परवानगी’ दिसली की वधूवरांचे पणजोबा-पणजी एकच असले पाहिजेत. तुमच्या झाडात तसं येत नसेल तर कुठेतरी चुकीची फांदी जोडली गेली आहे. तपासणीचा याहून नामी उपाय मला ठाऊक नाही.

नोटरीचे कागद

चर्चची वही माणूस कोण हे सांगते, कसा जगला हे नोटरीच्या दप्तरातून कळतं. जमिनीचे व्यवहार, उमेदवारीचे करार, तीन वर्षांच्या मजुरीवर कॅनडात यायचे करारनामे, मरणानंतर घरातल्या सामानाची यादी, हे सगळं नोटरी लिहून ठेवायचा. अशा यादीत किती शर्ट, कढई फुटकी की धड, गाईचं वय काय, इथपर्यंत तपशील असतो. लग्नाआधी नोटरीकडे करार करायची रीतही सर्रास होती. चर्चमधली नोंद हरवली असेल तर हा करार कामी येतो.

कॅनडातला उपलब्ध असलेला सर्वांत जुना लग्नकरार २७ जुलै १६३६ चा. नवरा रोबेर द्रुएँ, नवरी आन क्लुतिए, वय जेमतेम दहा. करारातच ठरवलं होतं की लग्नानंतरही दोन वर्षं दोघांनी नवराबायको म्हणून राहायचं नाही. नवरीचा बाप झाकारी क्लुतिए, पर्श प्रांतातल्या मोर्तान्यचा सुतार, १६३४ मध्ये आलेला. त्याला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी तो कुऱ्हाडीचं चित्र काढायचा. १८०० पर्यंत लग्न झालेले वंशज मोजले तर वसाहतीतल्या सगळ्या मूळपुरुषांत हा निरक्षर सुतार पहिला येतो, दहा हजारांवर. सेलीन दियों आणि माडोना या दोघी गायिका त्याच्याच वंशातल्या. माडोनाच्या आईचं माहेरचं आडनाव फोर्टिन, मूळचं फ्रेंच कॅनेडियन.

ज्यांची नावं दुसऱ्यांनी ठेवली

या वह्यांत फक्त फ्रेंच माणसं नाहीत, आणि बाकीच्यांचा माग काढणं फार कठीण जातं. ते शोधायचं सोडून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

१६४४ मध्ये मार्तँ प्रेव्हो याने मारी-ओलिव्हिए सिल्व्हेस्त्र या मूळनिवासी मुलीशी लग्न केलं. फ्रेंच पुरुष आणि मूळनिवासी स्त्री यांचं चर्चमध्ये नोंदलेलं हे पहिलं लग्न. तिच्या नावातलं ‘ओलिव्हिए’ तिला दत्तक घेणाऱ्या ओलिव्हिए ल तार्दिफकडून आलं. अशी नोंदलेली लग्नं थोडीच. रानात, कातड्यांच्या व्यापाराच्या वाटेवर जुळलेली नाती वहीपर्यंत पोचली नाहीत.

१७०४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डीअरफील्डवर छापा घालून शंभरावर इंग्रज माणसं कैद करून आणली गेली. त्यातली काही मुलं परत गेलीच नाहीत. रायझिंगचं रेझेन झालं, स्टेबिन्सचं स्तेबेन. आज ही अस्सल फ्रेंच आडनावं वाटतात.

आणि गुलाम. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी फ्रेंच आणि इंग्रज अशा दोन्ही राजवटींतले मिळून सुमारे ४,२०० गुलाम नोंदींतून शोधून काढले. त्यातले दोनतृतीयांश मूळनिवासी, बाकीचे बहुतेक आफ्रिकी. बहुतेकांना आडनावच नाही, मालकाच्या नावाने ओळख. १६२९ मध्ये इंग्रज खलाशांनी आणलेल्या आफ्रिकी मुलाचा १६३३ मध्ये बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्याचं नाव ओलिव्हिए ल जन झालं. ल जन हे त्याला शिकवणाऱ्या जेझुइट पाद्र्याचं आडनाव. त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव कुठेच नाही.

अकेडिया, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाच्या बाजूची फ्रेंच वसाहत, हा प्रांतच निराळा. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या लोकांना हुसकावून लावलं, वह्यांची वाताहत झाली, माणसं पांगत पांगत लुइझियानापर्यंत गेली. तिथे लग्नांची शिडी मध्येच तुटते आणि १६७१ च्या शिरगणतीसारख्या तुटक यादींवरून जुळवाजुळव करावी लागते.

हाताशी काय आहे

पाद्री सिप्रियाँ तांगे यांनी १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशकोश एकहाती काढला. त्यात चुका आहेत, पण पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. रने जेते यांचा १९८३ चा कोश १७३० पर्यंतची कुटुंबं जास्त काटेकोरपणे देतो. मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून जुन्या नोंदी संगणकावर कुटुंबवार जुळवल्या, तो प्रकल्प पीआरडीएच या आद्याक्षरांनी ओळखला जातो. १९४० च्या दशकात द्रुएँ संस्थेने वह्यांचे फोटो काढून ठेवले, ते आता इंटरनेटवर बघता येतात, फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर वह्यांच्या प्रतिमा फुकट मिळतात, आणि नोटरींची दप्तरं क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराने खुली केली आहेत.

इंटरनेटवर लोकांनी टाकलेली तयार झाडं वाटाड्या म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको. कुणीतरी हौसेने एखाद्या शेतकऱ्याला फ्रान्सच्या सरदार घराण्याला जोडतो आणि शंभर जण ते उतरवून घेतात. आडनावाचं राजचिन्ह विकणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नये. प्रत्येक पायरीला मूळ नोंदीची प्रतिमा डोळ्यांनी बघा.

समुद्र ओलांडायची वेळ आली की पहिल्या स्थलांतरिताच्या लग्नाच्या नोंदीतलं फ्रान्समधलं गाव बघायचं. ‘फिशिए ओरिजिन’ या क्वेबेकच्या वंशशोधक मंडळांच्या प्रकल्पात अनेक मूळपुरुषांच्या फ्रान्समधल्या नोंदी तपासून दिलेल्या आहेत, आधी तिथे बघावं. नाहीतर त्या गावाच्या जिल्हा अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जुन्या वह्या पानापानाने वाचायच्या. अनेक गावांत १६०० च्या आधीची वही उरलेलीच नाही, तिथे साखळी थांबते.

कधी कधी माणसाने स्वतःच वाट बुजवलेली असते. अमेरिकन लेखक जॅक केरुआक यांचे आईवडील क्वेबेकचे. आपला मूळपुरुष शोधायला ते १९६५ मध्ये फ्रान्सला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. पूर्वजाने १७३२ मध्ये क्वेबेकच्या काप-सेंतिन्यास गावात लग्न केलं होतं, पण निरनिराळ्या कागदांवर त्याची नावं निरनिराळी. केरुआक १९६९ मध्ये वारले. त्यानंतर तीसेक वर्षांनी फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत आणि क्वेबेक अशा दोन्हीकडच्या संशोधकांनी कागद ताडून पाहिले, तेव्हा हा माणूस ब्रिटनीतल्या ह्युएलगोआत गावच्या नोटरीचा मुलगा उर्बँ-फ्रांस्वा ल बिहाँ निघाला. चोरीचा आळ आल्यावर त्याने गाव सोडलं होतं. ‘केर्व्होआक’ हे त्याच्या घराण्याच्या नावाला जोडलेलं ठिकाणाचं नाव, तेवढंच तो समुद्रापार घेऊन आला. ल बिहाँ हे आडनाव त्याने तिकडेच सोडलं.